आवडीचं कॉलेज मागच्या दाराने पाहिलं

नाते, जून १९६३

तीर्थरूप बनुताईस,

धाकट्या भावाचा, महिपतीचा, दंडवत. लालबागची हवा आणि दाजींचा गुडघा दोन्ही मानवत असतील, अशी आशा. इकडे सगळी खुशाल. (आई खुशाल आहे हे आई कबूल करत नाही, मी माझ्या जबाबदारीवर लिहितो.)

आवडी मॅट्रिक झाली. मास्तर म्हणाले, पुण्याला मुलींचं वसतिगृह असलेलं कॉलेज आहे, पाहून या. आई म्हणाली, "नातीला घाटावर धाडशील तर मी सवच्या गरम कुंडात जाऊन बसंन, परत येनार नाय." आईने एवढं अडवल्यावर निघणं भागच होतं. आता आपल्याला पाहणं ठाऊक आहे ते स्थळ पाहण्याचं. न कळवता जायचं, बसवतील तिथे बसायचं आणि संधी मिळताच मागच्या दाराने चूल पाहायची.

वरंध घाट चढून पोचलो, तर कचेरीतल्या कारकुनाने उठून मला खुर्ची दिली. तिथेच संशय आला. पाणी दिलं, तेही माठातलं. जिथे एवढं गोड बोलतात तिथे नवऱ्या मुलात खोट असते, असं आबा सांगायचे. मग प्राचार्यबाई आल्या. स्वयंपाक, शिवण विचारतील, खाली बघून सांग, असं मी आवडीला वाटेत बजावलं होतं. बाईंनी विचारलं, "तुला काय शिकायचंय?" पोरीने वर बघून सांगितलं, "शास्त्र." सतरा वर्षं माझ्या घरात वाढली, मला पत्ता नाही. (मी कधी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.) वर कारकून म्हणतो, नाही रमली तर वर्षाने दाखला काढा आणि महाडला नवं कॉलेज निघालंय तिथे घाला. लग्नाआधीच सोडचिठ्ठीची वाट दाखवणारं सासर मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक तर हे लबाड असणार, नाहीतर फारच खात्रीचे.

म्हणून मी सटकलो. वसतिगृहाच्या मागे आमटीच्या टोपावरचं झाकण उचलतोय, तोच पाठून आवाज आला, "ओ पाव्हनं, टोपात काय पोरगी हरवली काय?" स्वयंपाकीण येसूबाई निघाली पोलादपूरची, आपल्याच मुलखातली! म्हणजे खोटं बोलली तरी मला कळणार. म्हटलं, "खरं सांग गो बाय, पोरींचे हाल हायत का?" ती म्हणाली, "हाल नाय. पर वाटान्याची उसळ हाय, एक दिस आड. पोरी रडकुंडीला येतात." ताई, खोट सापडली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तरीही शंका आहेतच. सबब पुणं काही जमणार नाही, असं मी घरी जाहीर केलं आहे.

तुझा,
महिपती

ता. क. — आवडीचं नाव घालून आलो आहे. उसळीला घाबरत नाही म्हणाली. आता एवढंच कर, महिपती पोरीला पाठवायला तयार नाही असं आईला रागाने लिही. मी नाही म्हटलं की आई हो म्हणते, हा जन्मभराचा अनुभव आहे.

आणखी ता. क. — पाकीट डकवत होतो, तोच आई ओटीवर आली. "बनूला लिवतोस ना रे? मंग लिव, भावाला दम दे म्हनावं. पोर पुन्याला गेलीच पायजे. नाय म्हनायला तुज्या बापाचं काय जातंय?" आई, आणि तुझं पत्र यायच्या आधीच, न भांडता तयार? मग कुंडात कोण बसणार होतं? तुला तिचं पत्र आधीच पोचलं आहे का, ते खरं कळव. आईला लिहिता येत नाही आणि मी लिहून दिलेलं नाही, तेव्हा अक्षर कोणाचं होतं तेही कळव.