कडी बाहेरून, अडसर आतून

१८ जुलै १९७८, अड्याळ

संपादकांचे कार्ड. "घरी एकट्या राहणाऱ्या मुलांची सुरक्षितता", दीड स्तंभ, ताबडतोब. पोरे पळवणारी टोळी आली आहे म्हणे. पार बपेऱ्यापर्यंत सगळीकडे आहे, पाहिली कोणीच नाही. निर्गुण, निराकार. वार्ताहराने अशा वेळी लिहावे, असा दंडक.

आम्हां उभयतांना मूल नाही. या विषयावर माझ्याइतका निःपक्षपाती लेखक जिल्ह्यात सापडणार नाही. सौ.ला हे ऐकवले. हसली नाही.

२० जुलै

शेजारच्या कौसल्येची धानाची रोवणी सुरू. नवरा चिखल्याला, मँगनीजच्या खाणीत. सुटी मिळाली तर येतो. ही उजाडताच शेतावर बांधीत जाते, दिवेलागणीला चिखलाने माखून परत. शेवंता (वय नऊ) आणि बाल्या (तीन) दिवसभर घरात. दाराला बाहेरून कडी. सगळ्या गल्लीचीच रीत.

म्हणालो, "कडी काहून लावतेस बाई? पोरं कोंडली जातात."

"मंग का बोडीत बुडू देऊ, काकाजी?"

बोडी घरामागेच, पावसाच्या पाण्याने तुडुंब. गेल्या पावसात तिच्यातून एक पोर काढले, अजून डोळ्यांपुढे आहे. आत डोकावलो तर चुलीजवळ गोरसी, मातीची उघडी शेगडी, राखेखाली निखारे जपलेले. पावसात लाकूड ओले, संध्याकाळी विस्तव लवकर पेटत नाही, म्हणून. म्हणजे बाहेर पाणी, आत आग, आणि मध्ये एक कडी. यावर दीड स्तंभ.

२१ जुलै

सौ. स्वतःहून कौसल्येकडे गेली. म्हणाली, दोघांना दिवसभर माझ्याकडे ठेव.

"कायले तरास, काकी," कौसल्या म्हणाली. फार गोड म्हणाली.

सौ. परत आली आणि तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच होते. निपुत्रिकेच्या सावलीत लेकरे ठेवत नाहीत. कौसल्येच्या मनात वाईट नाही, हेच तर बोचते. लेखात हे येणार नाही.

२३ जुलै

शेवंतेचा वर्ग सुरू. बाहेरची कडी कोणीही काढील, तेव्हा आतून अडसर घालायला शिकवले. नियम: आईचा आवाज आल्याशिवाय अडसर काढायचा नाही. मग परीक्षा. मी बाहेर, ती आत.

"मी तुझा मामा. पेढे आणले."

"नाही."

"पोलीस!"

"नाही."

बारीक आवाज काढून, "शेवंते, मी आई वो."

"आईचा आवाज असा फाटका नाही, काकाजी. खोकला झाला का तुमाले?"

शेवटी माझ्याच आवाजात, "बरं, झाली परीक्षा. मी काकाजी. उघड आता."

"नाही."

आमच्या संस्कृत पाठशाळेत असा विद्यार्थी मिळता तर गुरुजींनी आनंदाने देह ठेवला असता. दाराच्या फटीतून गुळाचा खडा सारला. गोरसीचेही सांगितले, लांब राहा. "रोजचंच हाय ते," म्हणाली.

२५ जुलै

लेख पोस्टात टाकला. त्यात शेवंता 'एक चुणचुणीत बालिका'. सौ.ने वाचला. "गोरसी कुठं आहे यात?" स्तंभ संपला होता, म्हणालो.

२९ जुलै



दुपार. कौसल्येच्या छपराच्या कवेलूंमधून धूर. चुलीचा नव्हे, काळपट, जळक्या पोत्याचा वास. धावलो. कडी काढली. दार हलेना. अडसर.

"शेवंता, उघड!"

"कोण हाय?"

"मी काकाजी! आग लागली ना आत!"

"त्या दिवशीबी तुमी असंच म्हणलं. मी काकाजी, उघड."

"ती परीक्षा होती गं!"

"मंग आता?"

आत बाल्या खोकत होता. गल्ली सगळी बांधीत गेलेली, उरलो मी, सौ. आणि एक शेळी. दार सागवानी, खांदा पन्नाशीचा. दोनदा आपटला. दाराला पत्ताही नाही. सौ.ने मला बाजूला ढकलले, फटीला तोंड लावले. "शेवंता, दार राहू दे. घागर ओत, बाई. सगळी ओत." घागर पडल्याचा आवाज. चर्र. आणि मग काहीच नाही.

मग आतून, "इझलं, काकाजी. बाल्यानं पोतं ओढलं गोरसीवर."

"बाल्या कुठं?"

"रडून रायला."

ऐकू आला. रड, बाबा. खूप रड.

"आता तरी उघड."

"आई येऊ द्या."

सौ. तशीच बांधीकडे पळाली. मी दाराशी, आतल्या रडण्यावर कान ठेवून. कौसल्या आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची जुडी तशीच. "उघड वो माय." लगेच उघडले. दोघांची तोंडे काळी. कौसल्येने शेवंतेला एक चापट मारली आणि तिलाच पोटाशी धरून मटकन बसली.

३० जुलै

बाल्याच्या तळव्याला फोड. सौ.ने ओसरीवरून खोबरेल पाठवले, स्वतः गेली नाही.

कौसल्या म्हणाली, "तुमी शिकवलं म्हणून पोरगी पक्की झाली, काकाजी." हे आभार होते. घेतले. दुसरे काय करणार.

शेवंतेला समोर बसवले. उत्सर्ग, म्हणजे मूळ नियम, शिकवला होता, अपवाद राहिला होता.

"धूर झाला तर अडसर काढायचा."

"आन् चोर म्हणला, धूर झाला, त?"

"धूर तुला आत दिसेल ना."

"कालबी दिसत होता." नखाने जमीन कोरत राहिली. "आत धूर, बाहेर चोर. मले समजलंच नाही कोणाले जास्त भ्यावं."

वर्ग बरखास्त.

१ ऑगस्ट

लेख छापून आला. संपादकांचे कार्ड, 'उत्तम, असेच लिहीत जावे'.

आज सकाळी गल्लीतल्या तीन बायका आपापली पोरे घेऊन कौसल्येच्या दाराशी. शेवंता हुशार आहे, आगसुद्धा विझवते, दार उघडत नाही, तेव्हा आमचीही तिच्याजवळच राहू दे. आडवा गेलो. आमच्या ओसरीवर ठेवा म्हणालो, मी बसतो.

"ओसरीले कडी कुठं हाय, काकाजी? आन् तुमी लिहाले बसले की जग बुडालं तरी पायत नाही."

हसल्या. मीही हसलो. माझ्यामागे सौ. उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

गोरसीवर आता परात पालथी घातली आहे, एवढी सुधारणा. धानाची रोपे, परे, वाढून चालले, रोवणी थांबत नाही. पोरे आत गेली, कडी लागली, पाठोपाठ आतून अडसराचा आवाज.

दुपारी सौ. पाट घेऊन त्या दाराबाहेर जाऊन बसली. बाहेर बसायला कोणाची हरकत? आतल्या पोरांना गोष्ट सांगते आहे, फटीतून. मी इकडून पाहतो. आत भांडण, हसणे, पुन्हा भांडण.

आता लिहिता लिहिता आवाज थांबला. गोष्टही थांबली. सौ. उठून दाराला कान लावून उभी आहे, मला हाताने खुणावते. ये म्हणते की थांब, कळत नाही. जातो.