हात कोणाचा धरायचा

प्रिय आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं, साइटवर हेल्मेट डोक्यावरून उतरत नाही. तुझा गुडघा कसा आहे? दादाने लिहिलंय की वहिनी रोज तुझा हात धरून फिरायला नेते आणि तू सगळ्यांना सांगतेस, "ही माझी लेकच." छान आहे. मला आनंदच झाला. नंतर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, ते कामामुळे.

जुन्या महामार्गाचं आमचं काम होत आलं. बससाठी मधली वेगळी मार्गिका केली, म्हणून बसथांबा आता रस्त्याच्या मधोमध आहे आणि तिथे जायला पायी चालणाऱ्यांचा सिग्नल आहे. पूर्वी लोक जीव मुठीत धरून पळायचे. काल सिग्नल सुरू झाला, मी हेल्मेट घालून तिथेच उभी होते, तेव्हा तुझ्याच वयाच्या एक आजी सुनेबरोबर आल्या. दिवा हिरवा झाला तरी त्यांचं पाऊल उचलेना.

"चला ना, मी आहे," सून म्हणाली.

आजींनी तिचा हात सोडला आणि माझा धरला. "हिनेच केलंय हे सगळं. हिला ठाऊक."

आई, मला इतकं गोड वाटलं! मग सुनेचं तोंड दिसलं. दादाचं पत्र वाचताना माझं झालं होतं, अगदी तसंच. तरी मी हात सोडला नाही. आजींना थेट बसमध्ये बसवून आले.

वहिनीला नमस्कार सांग. तुला सांभाळून नेते, तिचे उपकारच आहेत. पण मी सुट्टीला आले की तुला फिरवायचं काम माझं, हे तिला आत्ताच सांगून ठेव.

तुझी,
पोटची लेक