पेटीतून निघालेलं नाव

प्रिय व्हर्डा,

त्या सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, चादरी धुऊन वाळत घातल्या आणि माझ्या हार्लनच्या जुन्या सुरीने टोपलीभर सफरचंदं सोलून शिजवून ठेवली. पुन्हा घरी कधी येणं होईल याचा नेम नव्हता. खटल्यातल्या साक्षी आदल्या दिवशी संपल्या होत्या. आता जज्जसाहेब आम्हा ज्युरीला एका खोलीत बसवणार होते आणि निकाल लागेपर्यंत मुक्काम हॉटेलात होता. बॅगेत मी गाऊन, खोकल्याच्या गोळ्या आणि लायब्ररीची दोन जाडजूड पुस्तकं भरली. आठवीत शाळा सुटलेल्या बाईने हॉटेलात पुस्तकं वाचत बसायचं, या विचाराने मला जरा ऐटच आली होती. अंडी गोळा करायचं मी शेजारच्या बर्निसला सांगितलं. ती कुंपणापलीकडून तोंडाने काही बोलली नाही, फक्त भुवया वर केल्या.

त्या भुवयांबद्दल तुला सांगायला हवं. खटला चालू असताना त्याविषयी कुणाशी बोलायचं नाही, पेपर वाचायचा नाही, असा जज्जसाहेबांचा हुकूम होता. बर्निसला तुरुंगात टाकलं असतं तरी तिला इतका जाच झाला नसता. रोज सकाळी ती कॉफीला यायची, खुर्चीत बसायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. मी म्हणायचे, "बर्निस, बाई, तुझ्या भुवया बोलताहेत." ती म्हणायची, "मला गप्प राहायला सांगितलंय. भुवयांना कुणी सांगितलंय का?" हार्लन गेल्यापासून त्या कॉफीच्या वेळेवरच माझा दिवस उभा होता, हे तुला ठाऊक आहे.

तर आपल्या भावाने, मर्लने, तुला जे सांगितलं ते खरं आहे. आम्ही चौदाजण खटला ऐकत होतो, पण निकाल बाराजणांनीच द्यायचा असतो. दोघे राखीव, कुणी आजारी पडलं तर असावेत म्हणून. ते दोघे कोण हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं, म्हणजे सगळे सारखंच लक्ष देऊन ऐकतात. त्या दिवशी ते दोघे ठरवायला कारकुनाने नावांच्या चिठ्ठ्यांची लाकडी पेटी गरागरा फिरवली, आत हात घातला, आणि पहिली चिठ्ठी माझी निघाली. जन्मात कधी चर्चच्या सोडतीत मला साधं डुकराच्या मांसाचं पाकीट लागलं नाही, आणि त्या दिवशी पहिलाच नंबर. जज्जसाहेबांनी आभार मानले. मी बॅग उचलून घरी आले. सकाळी शिजवताना सफरचंदं तळाला लागली होती, तेवढं भांडं घासत बसले. निकाल मी त्याच संध्याकाळी रेडिओवर ऐकला, साऱ्या गावासारखाच.

तू ओरेगनला असतेस, तुझ्यापर्यंत पेपरातलंच पोचलं असेल, म्हणून सरळ सांगते. जोसी बेकर दोन वर्षांची होती. आईवडील कामावर गेले की कार्ला डीट्झ तिला सांभाळायची. एका दुपारी जोसी झोपेतून उठलीच नाही. डोक्याला आतून मार लागला होता. सरकारी डॉक्टर म्हणाले, मार त्याच दुपारचा. दुसरे डॉक्टर, तेवढेच म्हातारे आणि तेवढेच शिकलेले, म्हणाले, मार आदल्या दिवशीचाही असू शकतो. आदल्या दिवशी जोसी कार्लाकडे नव्हती, ती गावच्या जत्रेत होती आणि अर्ध्या गावाच्या कडेवर फिरून आली होती. दोन्ही डॉक्टरांचं मी नीट ऐकलं. रात्री अंथरुणात पडून पुन्हा सगळं मनात जुळवून पाहिलं. त्या लेकराचा फोटो डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण कुणी मारलं, की पडली, हे मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

गावाला मात्र सगळं कळलं होतं. कार्ला निर्दोष सुटली, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी केस कापायला ग्लेन्डाच्या दुकानात गेले, तर तिथे खटला पुन्हा पहिल्यापासून चालू होता, आणि या वेळी वकील जास्त होते. एक म्हणाली, "कार्ला कोर्टात रडली नाही, तिथेच मी ओळखलं." दुसरी म्हणाली, "रडली की गं, पण रुमाल कोरडा होता." तिसरीने टोपीसारख्या ड्रायरखालून ओरडून सांगितलं, "आणि ते निळे बूट!" बुटांचं काय, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसू येत होतं. मग आरशात त्यांनी मला पाहिलं आणि एकेकीने मासिकात डोकं घातलं. ग्लेन्डाने माझे केस असे कापले की अजून टोपी घालावी लागते.

आम्ही चौदाजण जेवायला जाताना काढलेला एक फोटो पेपराने निकालाच्या बातमीसोबत पहिल्या पानावर छापला होता. त्यात मी सर्वांत पुढे, जाकिटाची बटणं चुकीची लावलेली. त्यामुळे गावाच्या लेखी कार्लाला सोडणाऱ्यांत मीही होते. त्या आरशासमोर "अगं, माझी तर चिठ्ठी निघाली होती" एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात काचेबाहेरून डुएन टिबेट्स जाताना दिसला. डुएन शाळेची बस चालवतो. खोलीतल्या बाराजणांनी त्याला प्रमुख नेमलं होतं, म्हणून कोर्टात उभं राहून "दोषी नाही" हे शब्द त्याला म्हणावे लागले. तेव्हापासून काहीजणी आपल्या मुलांना त्याच्या बसमध्ये चढू देत नाहीत, स्वतः शाळेत सोडतात. त्याला पाहून ते शब्द मी गिळले. मी मोकळी झाले असते, आणि त्या बाराजणांच्या वाट्याचे दगड काही कमी झाले नसते.

बर्निस निकालाच्या दिवसापासून कॉफीला आली नाही. मी तिच्यावर रागावलेली नाही. तिची नात जोसीच्याच वयाची आहे. ज्याला भीती वाटते त्याला कुणीतरी तुरुंगात गेलेलं बरं वाटतं, म्हणजे रात्री झोप लागते. एकदा कुंपणाशी ती एवढंच म्हणाली, "तू वाचतेस फार, लिओना. डोळ्यांनी दिसतं ते तुला दिसेना झालंय." आणि माझी अंड्यांची टोपली परत ठेवून गेली.

तुला ते डुकराच्या पैजेचं वर्ष आठवतं का? हार्लन जत्रेत वजनकाट्यावर असायचा आणि "डुकराचं वजन ओळखा" ही पैज लागायची. त्या वर्षी काटाच अडकला. काही केल्या हलेना. लोक म्हणाले, "त्यात काय, व्हर्ननचा अंदाज बरोबर वाटतो, देऊन टाक त्याला बक्षिसाची फीत." व्हर्ननने तर फीत लावायला छातीही पुढे केली होती. हार्लन म्हणाला, "अंदाज हवे तेवढे करा, त्याला पैसे पडत नाहीत. पण काटा चालला नाही तर फीत कुणालाच नाही." व्हर्नन वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, आणि डुकराने त्या गोंधळात शेजारच्या टेबलावरचा केक खाल्ला. कोर्टात बसल्या बसल्या मला कितीदा तरी वाटलं, घरी जाऊन हे हार्लनला सांगावं. घरी जायचे, दिवा लावायचे, मग आठवायचं. आता त्याला जाऊन चार वर्षं झाली. दुःख जुन्या कुत्र्यासारखं झालंय, भुंकत नाही, पण उठून कुठे जातही नाही.

शनिवारी चर्चचं सुगीचं जेवण झालं. रेव्हरंड लिंडक्विस्ट यांच्या बायकोने फोन करून मला फार गोड आवाजात सांगितलं होतं, "लिओना, यंदा तुम्ही विश्रांती घ्या." मी म्हटलं, "विश्रांती मेल्यावर घेईन," आणि दरवर्षीसारख्या हाताने लाटलेल्या नूडल्स चिकनच्या रश्श्यात करून मोठं भांडं भरून नेलं. भांडं टेबलावर ठेवलं, आणि माणसं त्याला वळसा घालून बीन्सकडे जायला लागली. बर्निस आली, पळी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि पळी ठेवली. मग डुएन आला. त्याने ताटात नूडल्सचा ढीग रचला आणि माझ्यासमोर येऊन बसला. त्या लांब टेबलाच्या टोकाला आम्ही दोघंच. खाता खाता तो हळूच म्हणाला, "लिओनाबाई, तुम्ही सांगून टाका ना. तुमची तर चिठ्ठी निघाली होती. आमच्यातलं कुणी वाईट वाटून घेणार नाही." मी विचारलं, "माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" त्याने ताटाकडे पाहिलं. "मी ना? मी अजून थोड्या नूडल्स घेतल्या असत्या," म्हणाला आणि उठून खरंच घेऊन आला. आम्ही इतके हसलो की लोक वळून बघायला लागले.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. शुक्रवारी तू फोनवर म्हणालीस, मी नकार कळवला नाही तर तू आमच्या पेपराला पत्र पाठवणार, की माझ्या बहिणीने मत दिलंच नव्हतं, तिला उगाच छळू नका. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. ते पत्र पाठवू नकोस, व्हर्डा. तुझी माया मला कळते, पण तुझ्या पत्रात अर्धीच गोष्ट आहे. आणि मी गप्प राहते तेव्हा लोकांना वाटतं मी मत दिलं, म्हणजे तीही अर्धीच. जेवणाच्या रात्री ते न संपलेलं भांडं मी घरी आणलं आणि धुता धुता ठरवलं. रविवारच्या प्रार्थनेत रेव्हरंड दर वेळी विचारतात, कुणाला काही सुखदुःख सांगायचंय का, आणि लोक आपापली गुडघ्याची ऑपरेशनं सांगतात. दुसऱ्या दिवशी मी उठून उभी राहिले. म्हटलं, माझं नाव पेटीतून निघालं होतं, त्यामुळे मी मत दिलं नाही. माझी चिठ्ठी आत राहिली असती तर मी त्या बाराजणांसारखंच दिलं असतं. जोसीला काय झालं ते मला माहीत नाही, आणि याचं दुःख मला तुमच्याइतकंच आहे. बर्निस माझ्या पुढच्या बाकावर बसली होती, तिच्या भुवया मला दिसल्या नाहीत. मग मी खाली बसले, पुस्तकात पुढच्या भजनाचं पान काढलं आणि सगळ्यांबरोबर म्हटलं.

तुझीच,
टोपी घालून फिरणारी
लिओना