चार वाजता येणारा वास

म्हैसूर, गोकुलम
१६ नोव्हेंबर

प्रिय वर्षू,

दर रविवारी फोनवर दिसणारी ही बाई एकाएकी कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. फोनवर तुझा चेहरा समोर आला की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते, हे आता माझं मला कळून चुकलंय. म्हणून पत्र. माझं मराठी तुला ठाऊकच आहे. आपली शाळा कन्नडची, आजोबांनी पाटीवर गिरवून घेतलं तेवढंच मला लिहिता येतं. कुठे चुकलं, मध्येच कन्नड आलं, तर स्वल्प अडजस्ट करून घे.

इकडं सगळे बरे आहेत. प्रणेशना जिना चढताना अजून धाप लागते, पण ते कबूल करत नाहीत. अन्विता आठवीत गेली, माझ्या खांद्याला लागली. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. एक शनिवार सोडून एक शनिवार जाऊन झाडून येते. पेरूला यंदा खूप फळ आलं, निम्मं खारींनीच खाल्लं. तुझ्या आईच्या, आमच्या काकूंच्या, शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवली आहे. योगाला येणाऱ्या गोऱ्या बायका अजून कधीतरी फाटकाशी येऊन विचारतात, त्या पँट शिवणाऱ्या अम्मा कुठे गेल्या म्हणून. मी वर बोट दाखवते. त्यांना वाटतं, माडीवर. माडीकडे बघत उभ्या राहतात बिचाऱ्या.

एक गोष्ट मी तुला कधी धड सांगितली नाही. त्या मे महिन्यात मला ताप आला, तेव्हा माझा वास गेला. सगळ्यांचाच जात होता, महिन्या-दोन महिन्यांत परत येत होता. माझा आलाच नाही. साडेचार वर्षं झाली, मला मोगरा आणि कागद सारखेच. दूध करपलं तर अन्विता आतून ओरडते. सारात हिंग पडला की नाही ते मी डब्याचं झाकण बघून ठरवते. सवय झाली होती गं, त्याचं दुःखही राहिलं नव्हतं.

दसरा झाल्यावर चार-पाच दिवसांनी, दुपारी मी कॉफी ठेवायला स्वयंपाकघरात गेले. आमची ती मागची खिडकी, जिच्यातून तुमची मागची भिंत आणि त्यापलीकडे काकूंच्या स्वयंपाकघराचं दार दिसतं, तिच्याशी उभी होते. आणि मला वास आला. केकचा. तोही बेकरीतला नाही, काकूंचाच. चहात भिजलेले मनुके, किसलेली संत्र्याची साल, जाळलेला गूळ, आणि त्या सगळ्याखाली तो डब्यातल्या तयार पिठाचा व्हॅनिलाचा गोडसर वास. घड्याळात चार वाजले होते. मी आनंदानं रडले. धावत जाऊन कॉफीचा डबा उघडून नाक घातलं, हिंग घेतला, देवापुढचं फूल घेतलं, शेवटी फिनेलची बाटली. काही नाही. परत खिडकीशी आले तर तो वासही गेलेला. हळूहळू विरला नव्हता, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा तुटला होता.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. अन्विताला शेजारी उभं केलं, तिला काहीच आलं नाही. प्रणेश म्हणाले, कोपऱ्यावर नवी बेकरी झाली आहे. पण बेकरीचा वास मला एकटीलाच, एकाच खिडकीशी आणि चारलाच कसा येईल? मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी, फार चांगलं बोलली. म्हणाली, असं होतं, मेंदू कधीकधी जुना साठवलेला वास आपण होऊन बाहेर काढतो, घाबरू नका. मग तिनं सहज विचारलं की वास जाण्याआधी सगळ्यात शेवटी तुम्हाला कशाचा वास आला होता. मी म्हटलं, आठवत नाही.

येताना ऑटोत बसून मी स्वतःला समजावलं की मेंदूचा खेळ आहे, सोडून द्यावं. त्याच दिवशी चारला मात्र मी किल्ली घेऊन तुमच्या घरात गेले. स्वयंपाकघरात उभी राहिले. ओव्हनचं दार उघडलं, आत हात घातला. थंड. कपाटाला नाक लावलं. तिथे कशाचाही वास नव्हता, वर्षू. घरी परतले, खिडकीशी आले, आणि तो तिथे होता. इतके दिवस मी समजत होते की वास तुमच्या घरातून येतो. तो तुमच्या घरातून येतच नव्हता. मी ज्या फरशीवर उभी राहत होते, तिथेच तो होता. एक पाऊल मागे सरकलं की नाही, पुढे आलं की आहे.

दिवाळीला आम्ही हुणसूरला नणंदेकडे गेलो. मी मुद्दाम आठ दिवस राहिले. तिथे चार वाजायचे आणि काही व्हायचं नाही. बरं वाटलं. बसनं परत येताना मी ठरवलंसुद्धा की आता ते संपलं. पण दुसऱ्या दिवशी खिडकीशी गेले, तर वास पुढे गेला होता. कसं सांगू तुला? दसऱ्याला तो कच्च्या पिठाचा, नुकत्याच आत ठेवलेल्या केकचा होता. मग फुगलेल्या केकचा झाला. आता कडा तांबूस झाल्याचा येत होता. मी नव्हते तेव्हाही तिथे केक भाजत राहिला होता. पुढच्या आठवड्यात कडा करपल्याचा वास यायला लागला. रोज थोडा जास्त. मी कॉफीची वेळ बदलली, खिडकी बंद केली, फटीत कापड कोंबलं. चार वाजले की माझे पायच मला तिथे घेऊन जायचे.

तू ऑगस्टमध्ये मला म्हणालीस ते आठवतं का? काकू गेल्या तेव्हा तुझ्या तिकडच्या देशाच्या सीमा बंद होत्या, तुला विमानात बसता आलं नाही, आईचं शेवटचं तोंड बघता आलं नाही, आणि तरी तू उभी राहिलीस ती माझ्या एका वाक्यावर, असं म्हणालीस. की त्या संध्याकाळी काकू भिंतीपाशी माझ्याशी हसून बोलल्या, तुझ्या वाढदिवसाचा केक खाल्ला आणि झोपेतच गेल्या. तू माझे आभार मानलेस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ न्हाणीघरात बसून होते.

मग गेल्या रविवारी मी ठरवलं की तो केक आपणच करायचा. खरा वास घरभर झाला तर खोटा त्यात बुडून जाईल, असा माझा हिशोब. सुपरमार्केटमधून बिनअंड्याच्या केकच्या तयार पिठाचा सगळ्यात स्वस्त डबा आणला, काकू आणायच्या तोच. त्या म्हणायच्या, बेकरीवाले श्रीमंतांचा केक करतात, आपण डब्यातल्या पिठाला फसवून तोच करायचा. आदल्या रात्री मनुके, खजुराचे तुकडे आणि टुटीफ्रुटी कोऱ्या चहात भिजत घातले. सकाळी गूळ काळा होईपर्यंत जाळून त्यात पाणी ओतलं. अन्वितानं संत्र्याची साल किसली. फळं निथळून कोरड्या पिठात घोळवली, म्हणजे ती तळाला बसत नाहीत. डब्यावर पाणी घाला असं लिहिलेलं असतं, तिथे तोच चहा घातला. तेल, दालचिनी, चार लवंगांची पूड. भांड्याला तूप लावून काकूंसारखाच ब्लाउजच्या कटिंगचा खाकी कागद बसवला. तो मी तुमच्याच कपाटातून आणला होता, रागावू नको. सव्वातीनला ओव्हनमध्ये ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत अन्विता म्हणाली की काय मस्त वास सुटलाय. मला काहीही येत नव्हतं.

चारला मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. काहीच नाही. महिन्याभरात पहिल्यांदा तिथे कसलाच वास नव्हता. मी दहा मिनिटं थांबले. मला इतकं हलकं वाटलं की मी गुणगुणायला लागले. केक काढला, विणायची सुई घालून पाहिली, कोरडी आली. निवल्यावर अन्विताला पहिला तुकडा कापून दिला. तिनं एक घास खाल्ला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, गूळ कडू झाला. तिनं खिडकीकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, काकू हाक मारत होत्या ना, तेव्हा असाच वास येत होता."

ती पुढे म्हणाली, "मी तुझ्या मागेच होते. तू माझ्या तोंडावर हात ठेवलास." तेव्हा ती नऊ वर्षांची होती, वर्षू. साडेचार वर्षं तिनं हा विषय माझ्याजवळसुद्धा काढला नाही. मला वाटत होतं, त्या फरशीवर मी एकटीच उभी होते. मी तिला विचारलं की तू कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू वर्षूमावशीला वेगळं सांगितलंस. मला वाटलं, तसंच सांगायचं असतं."

म्हणून हे पत्र. ते तुझ्या वाढदिवसादिवशी, अठरा मेला, दुपारी चारला झालं, संध्याकाळी नाही. प्रणेश आतल्या खोलीत होते, बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा खाली खाली जात होता, मला स्वतःला ताप होता, आणि कुठे बेड मिळत नव्हता. तुमच्या स्वयंपाकघरातून केकचा वास येत होता. मग काकू मागच्या दारात आल्या, चौकट धरून. त्यांना श्वास पुरत नव्हता, ते मला इथून दिसत होतं. त्यांनी तिकडे ये म्हणून हाक मारली, "तुळसी, बा गे." मी पडद्यामागे सरकले. त्यांनी पुन्हा हाक मारली. मला वाटलं, मी गेले तर त्या मला धरतील, मग मी घरात कशी येऊ, यांच्याजवळ कशी जाऊ. भिंतीवरून नुसतं ओरडून उत्तर देता आलं असतं. फोन करून कुणाला बोलावता आलं असतं. मी ते केलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर जावं लागलं असतं. त्या आत वळल्या. तासाभरानं ओव्हनची घंटी वाजली, आणि दार कुणी उघडलं नाही. करपल्याचा वास रात्रीपर्यंत येत होता. सकाळी मी कॉर्पोरेशनच्या मुलांना बोलावलं. त्यांनी दार उघडलं तेव्हा मला कशाचाच वास येत नव्हता. त्या केक खाऊन गेल्या नाहीत, माझ्याशी हसून बोलल्या नाहीत. माझी क्षमा करू नको, मी मागतही नाही. फोन करावासा वाटला नाही तर करू नको. किल्ली मी तू सांगशील त्याच्याकडे देईन. पण एक गोष्ट तुझी आहे, ती मी इतकी वर्षं लपवून ठेवली, कारण ती सांगितली असती तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं. आत वळताना काकूंनी तिसरी हाक मारली. ती हळू होती, पण आम्ही दोघींनी ऐकली. काल अन्विताला विचारून मी खात्री करून घेतली. ती हाक माझ्यासाठी नव्हती. त्या "वर्षू" म्हणाल्या.

तुझीच म्हणवण्याचा हक्क आता तुझ्या हाती,
तुळसी