गोठ्यातली पांढरी कॅन

६ ऑक्टो., अमडापूर
चिखलीला डॉक्टरांकडे. साखरेने माझ्या मूत्रपिंडांना आतून सूज आणलीय. ती उतरवणारी नवी गोळी तीन महिने चालू. आता चोवीस तासांची लघवी तपासायची. त्यातून जाणारं प्रथिन कमी झालं असेल तर गोळी लागू पडली. नसेल तर... डॉक्टर ‘डायलिसिस’ म्हणाले आणि टेबलावरचे कागद सारखे करू लागले.
परतताना एसटीच्या दुतर्फा कपाशी. सातवी ‘ब’ची खिडकी आठवली. बाहेर हीच कपाशी, आत मी पोरांना चाल लावून कविता शिकवतोय. उतरायचं राहिलं, गाव मागे पडलं. चालत परत.

७ ऑक्टो.
लॅबची पांढरी कॅन. सकाळची पहिली लघवी सोडायची, उद्याची पहिली धरायची. ध्रुवपद गाळून सुरू होणारी, ध्रुवपदावर संपणारी कविता. अशी कधी शिकवली नाही.
थंड जागी ठेवायची. सौ. म्हणाली, "फ्रिजले हात लावसान तं पाहा. नैवेद्याचं दूध हाय त्यात."
म्हणून गोठ्यात, रांजणाआड. दिवसभर ये-जा. गाय आता मान वर करून बघतही नाही.

८ ऑक्टो.
सकाळी शेवटचं कडवं घेऊन गेलो. कॅन नाही.
धाकटा भाऊ नामदेव उजाडताच फवारणीला गेलेला. बीटी बियाणं घेऊनही बोंडांत अळी. महागडी औषधं मारून थकला, आता गोमूत्र नि निंबाचा अर्क. गोमूत्राची कॅनही पांढरीच, रांजणापाशीच. धावत शेतात. दोन ओळी फवारून झालेल्या.
"नामा, रांजणाजवळची कॅन?"
"अर्कात टाकली. काऊन?"
सांगितलं. त्याने पाठीवरचा पंप उतरवला. मग हळूच, "दादा, तुमच्यात साखर हाय ना? अळी जाड तं नाही होनार?"

९ ऑक्टो.
लॅबवाला : "पहिली कॅन?"
मी : "शेतीच्या कामी आली."
त्याने दुसरी दिली.

१० ऑक्टो.
पुन्हा पहिल्या ओळीपासून. सौ.ने कॅनला माझा जुना मफलर बांधलाय. नामदेव येता-जाता कॅनला रामराम घालतो. सौ. हसते, मग देवापुढे जरा जास्तच वेळ बसते.

११ ऑक्टो.
कॅन पोचती केली. पूर्ण भरली. मफलर परत आणला.

१३ ऑक्टो.
रिपोर्टचा लिफाफा आणला. डॉक्टर उद्या. सौ. : "फोडा ना. चष्मा सापडत नाही म्हनू नका, नाकावर हाय."
खिशात घालून शेतात गेलो. नामदेव त्या दोन ओळींत वाकलेला.
"दादा, इथं अळी कमी वाटून राह्यली. गोळी बंद करू नका म्हना डॉक्टरले."
"तुझी नजर आणि डॉक्टरची नजर यांत फरक आहे, नामा."
"तं तुमीच पाहा."
एक बोंड फोडलं. अळी. दुसरं फोडलं. स्वच्छ, ओला पांढरा कापूस, वहीच्या कोऱ्या पानासारखा.
तिसरं हातात धरून बराच वेळ उभा होतो. फोडलं नाही. लिफाफाही.