पायरी तेवढी राहिली

टोरांटो,
रविवार

डार्नली,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. मी बरी आहे. इथल्या थंडीचं आईला सांगू नकोस, उगाच माझ्या खोकल्याची काळजी करत बसेल.

शेजारच्या ग्रिफिथकाकूंचा फोन आला होता. तू आपलं घर सुटं करून फळ्या ट्रकवर चढवल्यास आणि सासऱ्याच्या आवारात नेऊन पुन्हा उभं केलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस! वर काकूंना म्हणालास, "आपल्या बार्बाडोसमध्ये लाकडी घरं हलतातच की."

हलतात रे, शहाण्या! आपण मळ्याच्या जमिनीवर राहायचो, मालक जागा सोड म्हणाला, तेव्हा बाबांनीही हलवलं होतं. तुला कुणी हाकललं? पुन्हा एकही फळी सुटू नये म्हणून तर आईने लोकांचे कपडे धुऊन घराखालची ही जागा विकत घेतली. आणि तू निघालास, कारण यूलिनला माहेर जवळ हवं!

आई तुमच्याबरोबर आली नाही, काकूंकडे झोपते. तिचा गुडघा कसा आहे? तेल कोण चोळतं? की तेही काकूंनीच करायचं?

नाताळात मी येतेय. विमानतळावर तोंड दाखवू नकोस. टॅक्सीवाल्याला मी जुनाच पत्ता सांगणार आहे.

तिथे दगडी पायरी तेवढी राहिलीय. आई रोज संध्याकाळी तिच्यावर जाऊन बसते, तीही एका कडेला सरकून. काकूंनी कारण विचारलं तर म्हणाली, "डार्नली कामावरून दमून येईल ना, त्याला टेकायला जागा नको?"

तुझी थोरली बहीण, इलाज नाही म्हणून,
व्हर्नेल