सामुदायिक जांभईचा खुलासा

ती. आत्यास,

तुझ्या मास्तर भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (पाऊस यायच्या आधी दुखतो की आल्यावर, हे नीट बघून कळव, आमच्या आठवीच्या वर्गाला हवं आहे.) इकडे सगळं ठीक, म्हणजे नोकरी शाबूत आहे, अब्रू तेवढी गेली. ती कशी गेली हे दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

शनिवारचा माझा शेवटचा तास तुला ठाऊक आहे. त्यात पुस्तकात नाही तेच विचारायचं. पाण्यात फार वेळ राहिलं की सुरकुत्या बोटांनाच का, पाठीला का नाही; रंगीत साबणाचा फेस पांढराच का; स्वतःच्या हातानं गुदगुल्या का होत नाहीत. नियम एकच, आधी करून बघायचं, मग बोलायचं. (गुदगुल्यांच्या वेळी शेजारच्या वर्गाची तक्रार आली होती, ते सोड.) त्या शनिवारी दुसऱ्या बाकावरच्या काबाईनं विचारलं, 'का येते सर, एकानं जांभई दिली की दुसऱ्याला?' (काबाई हे पोरांनी ठेवलेलं नाव, तिचं प्रत्येक वाक्य 'का'नं सुरू होतं.) मी म्हटलं, दे बघू एक. तिनं खोटी दिली, शेजारणीला खरी आली, तिथून ती बाकामागून बाक घेत सुटली आणि अख्खा वर्ग, फळ्याशी उभ्या माझ्यासकट, आ वासून असताना दारात तपासनीस साहेब उभे. आणि आत्या, साहेबांनीही दिली. फाइल तोंडापुढे धरून दिली, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत दिली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी प्रयोग तो, आणि या गृहस्थांनी शेरा काय मारावा? 'मुले कंटाळलेली, शिक्षक पेंगुळलेले.'

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, लेखी माफी द्या, नाहीतर शनिवारचा तास खेळाच्या मास्तरांना कवायतीला देते. मी म्हटलं, देत नाही. काय म्हणून द्यायची? जांभई का येते हे भल्याभल्यांना अजून नक्की सांगता आलेलं नाही. कुणी म्हणतं मेंदू थंड व्हायला, कुणी म्हणतं जाग टिकायला. पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, त्याला कोणत्या मास्तरानं कंटाळा आणला? (हे मी बाईंनाच विचारलं. विचारायला नको होतं असं आमच्या कारकुनाचं मत पडलं.) नुसतं जांभईबद्दल ऐकलं किंवा वाचलं तरी ती येते. तुला एव्हाना एखादी आलीच असेल, लाजू नकोस. बाईंनाही माझं ऐकताना आली होती. त्यांनी ती दाबली, पण फुगलेल्या नाकपुड्या मी पाहिल्या. बुधवारी शाळेच्या समितीपुढे माझी सुनावणी आहे. तिथेही मी हेच सांगणार आणि ताठ मानेनं सांगणार. खेळाच्या मास्तरांनी शिट्टी खुशाल फुंकावी, पण मैदानावर. माझ्या तासात नाही.

नमस्कारापुरताच वाकणारा,
तुझा भाचा

ता. क. : बुधवारी तू यायचंस. बोलायचं काही नाही, पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचं. मी चष्मा काढला की जांभई द्यायची. ती तुझी खास, आधी नुसता आ, मग सूर, मग दोन्ही हात वर. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत तू एक दिलीस आणि दोन्हीकडची माणसं भांडण विसरून जांभया देत बसली, आठवतं ना? समितीतल्या चारचौघांची काय कथा. त्यांनी तोंडं उघडली की मी फक्त एवढंच विचारणार, की आपण कंटाळलात का?

ता. क. दुसरा : हे पत्र बायकोनं वाचलं आणि वाचता वाचता जांभयांवर जांभया दिल्या. मी म्हटलं, झालं सिद्ध. ती म्हणते, जांभईचा काही संबंध नाही, पत्र लांबलंय.

ता. क. तिसरा : काबाई त्या दिवसापासून गप्प आहे. आपल्यामुळे सरांवर बालंट आलं, असं तिनं मनाला लावून घेतलंय. काल तिनं हात वर केला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की हातातला खडू खाली ठेवून मी तिच्या बाकापाशी गेलो. तिनं विचारलं, ''सर, हे परीक्षेला आहे का?''

आत्या, गुडघा दुखला तरी ये.